किटिवेक बोट, नांगीची सुरी आणि माझा भाऊ जोरी यांच्याबाबत

मी, लव्हडे जेनिफर नॅनकॅरो, वय सत्तावीस, धंदा खेकडे धरण्याचा, राहणार पोर्थगॅरो बंदर, कॉर्नवॉल, डोके ठिकाणावर असताना, कोणी हात पिरगाळलेला नसताना आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी लावून हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हटल्यास ते खोटे समजावे.   मी घाबरलेली आहे, पण निदान लिहिण्यापुरते डोके घाबरलेले नाही.

मृत्युपत्र आजच का, हे सांगणे भाग आहे. उद्या रविवारी पहाटे मी माझा थोरला भाऊ जोरी याच्याबरोबर किटिवेक बोटीवरून खेकड्यांचे पिंजरे उचलायला समुद्रावर जाणार आहे. सोमवारी पोलीस चौकीत जाऊन त्याच जोरीविरुद्ध जबाब देणार आहे. दोन्ही गोष्टी मी त्याला तोंडावर सांगितल्या. तो म्हणाला, "सोमवार लांब आहे, मास्तरीणबाई. मध्ये पाणी आहे."

मग त्याच्याबरोबर जातेस कशाला, असे वाचणारा विचारील. पिंजरे नाताळाच्या आधीपासून पाण्यात आहेत. आतले आमिष संपले की खेकडे एकमेकांना धरतात. नांग्या उपटतात, कवच मऊ असलेल्याला जिवंत फाडून खातात. ते पिंजरे आम्ही टाकले, तेव्हा आम्हीच उचलले पाहिजेत. एकटीने ते होत नाही आणि गावातला निम्मा पुरुषवर्ग कोरोनाच्या आजाराने घरात कोंडून पडला आहे.

कलम पहिले. माझ्या भाषेबाबत.

आम्हा दोघा भावंडांना पहिली अक्षरे आईने याच टेबलावर शिकवली आणि बाबांनी वाचायला लावले ते बोटीच्या विम्याचे कागद. त्यामुळे मी लिहिते ते वकिलासारखे वाटेल; जोरी त्यावरूनच मला मास्तरीणबाई म्हणतो. वकील केलेला नाही. अर्थ लागत नसेल तिथे सरळ अर्थ घ्यावा.

कलम दुसरे. आईच्या वस्तू.

आईचा हिरवा लोकरी कोट शेजारच्या मिस ट्रेगिअर यांना द्यावा. त्यांना तो आवडतो, पण तो त्यांना घट्ट होईल असे आई म्हणायची. आता त्या वाळल्या आहेत.

आई टेकडीवरच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालण्याचे काम करायची. गेल्या वसंतात इस्पितळे रिकामी करायची म्हणून तपासणी न करता म्हातारी माणसे तिथे परत पाठवली गेली. तोंडावर बांधायला धड काही मिळाले नाही. आईने कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांना डोके आणि हात जाण्यापुरती भोके पाडली आणि त्या घालून ती कामाला गेली. एप्रिलात ती वारली. शेवटच्या चार दिवसांत तिच्या घशातून जो आवाज यायचा तो फोनवर ऐकून बाबांनी फोन भिंतीवर आपटला आणि मग तुकडे गोळा करत रडले, कारण आता ती बोलली तरी ऐकू येणार नव्हते.

दफनाच्या वेळी खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. जोरी उठून बाबांना मिठी मारायला निघाला तेव्हा दफनभूमीतल्या माणसाने हात आडवा केला. "साहेब, नियम आहे." जोरीने त्याचे नाक फोडले. पांढऱ्या सदऱ्यावर रक्त घेऊन तो माणूस म्हणाला, "मलाही आई आहे हो." हे मी लिहिते कारण त्या माणसाची माफी कोणी मागितली नाही. माझ्या कपाटातली चांगली बाटली त्याला पोचवावी.

काळ्या पिशव्यांचे उरलेले भेंडोळे जिन्याखाली आहे. ते आमच्या खासदाराच्या कचेरीत नेऊन टेबलावर ठेवावे. सोबत काही लिहू नये.

कलम तिसरे. बाबा आणि बोट माझ्याकडे कशी आली.

आई गेल्यावर बाबा दोनच गोष्टी ऐकायचे. संध्याकाळी मेलेल्यांचे आकडे आणि त्यानंतर, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडत असल्याने युरोपशी चाललेल्या कराराच्या बातम्या. आकडे सांगणारा माणूस दिसला की ते टीव्हीला शिव्या द्यायचे. आपल्या समुद्रातल्या मासेमारीच्या हक्काचे नाव निघाले की कान देऊन ऐकायचे. "समुद्र परत मिळतोय, लव्हडे," ते म्हणायचे. "तुझी आई गेली ती गेली. पण समुद्र परत मिळतोय."

मी एकदा म्हटले, "बाबा, आपले खेकडे खाणार कोण? सगळे तर तिकडे युरोपातच जातात."

"तू आधी धर, मग खाणाऱ्याची काळजी कर."

सप्टेंबरात पिंजरे सोडताना त्यांचा पाय दोराच्या वेटोळ्यात गेला. वेटोळ्यात पाय ठेवू नका, हे ते आम्हाला जेवताना सांगायचे, झोपताना सांगायचे. दोराने त्यांना ओढून नेले. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. जोरीने दोर ओढायचे यंत्र उलटे फिरवले आणि दोर वर घेतला. पिंजरा, पिंजरा, पिंजरा आणि मग बाबा, पाय गुडघ्यातून मागे वळलेला, तोंडात वाळू. जोरीने ते यंत्र त्यानंतरही हाताळले, रोज हाताळतो. ही त्याच्या बाजूची गोष्ट आहे आणि ती इथे नोंदवली नाही तर पुढचे कलम अन्यायाचे होईल.

बाबांनी बोट माझ्या नावे ठेवली होती. कारणही लिहिले होते: "जोरी बोट उत्तम चालवतो, पण रागात असला की ती कोणावर तरी घालील." वकिलाने हे मोठ्याने वाचले. वाचायला नको होते.

कलम चौथे. सत्तावीस डिसेंबरला धक्क्यावर काय झाले.

हे कलम माझा जबाब समजावा. मी सोमवारी चौकीत पोचले नाही तर हेच पोचवावे.

गुल्व्हेन केरव्हेला हा फ्रान्समधल्या ब्रिटनीचा लॉरीवाला. त्याच्या लॉरीवर समुद्राच्या पाण्याच्या टाक्या आहेत. आमचे खेकडे जिवंत तिकडे नेतो. मी टेबलावर अक्षरे गिरवत होते तेव्हापासून तो आमच्याकडे जेवतो, आईच्या मांस भरलेल्या करंजीला नावे ठेवायचा आणि दोनदा घ्यायचा.

नाताळाचा सगळा माल त्याने नेला. वीस तारखेच्या रात्री आमच्याकडच्या नव्या विषाणूच्या भीतीने फ्रान्सने वाट बंद केली. हजारो लॉऱ्या इंग्लंडच्या टोकाला, केंटच्या रस्त्यांवर अडकल्या. गुल्व्हेन तीन दिवस टाकीतले पाणी खेळते ठेवत बसला, पण खेकडे मेले. नाताळाच्या आदल्या दिवशी करार झाला आणि समुद्राचा जेमतेम तुकडा परत मिळाला. आमच्या धक्क्यावर कोणी टोपी उडवली नाही. जोरीने बातमी ऐकली आणि रेडिओ कठड्यावर आपटून फोडला. "हेच? ह्याच्यासाठी?" एवढेच तो बोलला.

गुल्व्हेन मेलेला माल घेऊन परत आला. फोनवर सांगता आले असते, पण फोनवर सांगणारा तो माणूस नव्हे.

इथे एक गोष्ट समजावून सांगते. टाकीत खेकडे एकमेकांना मारू नयेत म्हणून आम्ही प्रत्येकाच्या नांगीच्या सांध्यात छोट्या सुरीने आतली शीर कापतो. नांगी मिटत नाही, खेकडा जगतो. सुरी जराशी खोल गेली तर मात्र तो आतून वाहत राहतो आणि प्रवासात मरतो. त्या आठवड्यात नाताळाच्या आधी माल पलीकडे जावा म्हणून जोरी घाईत होता. त्या खेपेच्या नांग्या त्यानेच कापल्या. मी वजन करत होते.

गुल्व्हेनने एक खेकडा छाटणीच्या टेबलावर ठेवला आणि नांगी उघडून दाखवली. "वाट बंद केली ती आमच्या लोकांनी. ती शिवी मी खातो. पण हे बघ. हे पहिल्या रात्रीच मेले होते. वाट बंद व्हायच्या आधी. हा काप बघ, जोरी. बाप असता तर त्याने तुझे कान उपटले असते."

"बापाचं नाव घेऊ नकोस."

"घेणार. मी त्याच्या टेबलावर वीस वर्षं बसलोय."

जोरीने त्याचे मनगट धरले आणि हात टेबलावर, त्या खेकड्याशेजारी दाबला. मला वाटले नुसता दम देतो आहे. मग त्याने खिशातली नांगीची सुरी काढली आणि गुल्व्हेनच्या अंगठ्याच्या मुळात घातली, खेकड्याच्या सांध्यात घालतो तशीच, आणि फिरवली. शीर तुटल्याचा आवाज आला. तो आवाज आम्ही दिवसभर ऐकत असतो, म्हणून मी तो ओळखला. "आता तूही कुणाला धरायचा नाहीस," जोरी म्हणाला.

मी बोट ओढायचा लांब दांड्याचा लोखंडी आकडा उचलून जोरीच्या पाठीत घातला. तो गुडघ्यावर आला तेव्हा पुन्हा घातला. त्याच्या खांद्यातून रक्त आले. टेबलावर गुल्व्हेनचे आले. खाली बर्फावर दोन्ही मिसळले आणि कोणाचे कुठले ते सांगता येणार नाही. गुल्व्हेनने जोरीवर हात उगारलेला नव्हता, आधीही नाही आणि नंतरही नाही. जोरी मला म्हणतो की "त्याने आधी सुरी काढली असं सांग." त्याने काढली नाही.

इस्पितळात गुल्व्हेन डॉक्टरांना म्हणाला, लॉरीच्या दारात हात सापडला. मी बाहेर थांबले होते, मला आत सोडले नाही. नंतर खिडकीतून मी विचारले, "खोटं का बोललास?" तो म्हणाला, "तुझ्या आईचा पोरगा आहे तो. आणि मला आजार नसल्याचा चाचणीचा कागद घेऊन वाट पुन्हा बंद व्हायच्या आत पार व्हायचंय." तो दुसऱ्या एका लॉरीवाल्याच्या शेजारी बसून गेला. त्याचा अंगठा आता मिटत नाही. त्याला लॉरीचे चाक धरता येत नाही.

तो बोलणार नाही. म्हणून मी बोलणार आहे.

कलम पाचवे. सुरी.

ती धुतलेली नाही. फ्रीजरमध्ये वाटाण्याच्या पिशवीखाली पावाच्या डब्यात आहे. पोलिसांखेरीज कोणाला देऊ नये. मिस ट्रेगिअर वाटाणे उसने मागायला येतात, त्यांनी कृपया हा डबा उघडू नये.

कलम सहावे. किटिवेक बोट.

बोट, तिचा परवाना, दोर व पिंजरे मी माझा भाऊ जोरी यास देते. वरचे सगळे लिहूनही देते. मी रात्रभर दुसरे काही सुचते का पाहिले. ज्याने बापाला त्या यंत्राने वर काढले त्याच्या हातून ते यंत्र मी मेल्यावर काढून घेणे मला जमत नाही. त्याने केले त्याची शिक्षा कोर्टाने द्यावी. बोट काढून घेणे ही शिक्षा माझ्या अधिकारात येत नाही, असे मला वाटते. चूक असल्यास चूक.

कलम सातवे. राहिलेले.

वर न दिलेले, अथवा ज्याला दिले त्याला कायद्याने मिळू शकत नाही असे, सर्व काही विकून येईल ते गुल्व्हेन केरव्हेला यास द्यावे. घर भाड्याचे आहे. भांडी कोणीही न्यावीत. मला आईशेजारी पुरावे. खुर्च्या जवळ जवळ मांडता आल्या तर मांडाव्यात.

साक्षीबाबत टीप, सही करण्याआधी लिहिलेली.

घरात परके माणूस घेण्यास मनाई असल्याने साक्षीदार बाहेर अंगणात उभे राहून काचेतून माझी सही पाहणार होते. मिस ट्रेगिअर वेळेवर आल्या. दुसरे साक्षीदार, बचाव बोटीचे तांडेल, आज सकाळी आजारी निघाले. आम्ही वाट पाहत असताना जोरी कुंपणावरून आला.

"काय वाचन चाललंय?" तो म्हणाला.

मिस ट्रेगिअर म्हणाल्या, "जोरी नॅनकॅरो, तोंडावर फडकं बांध आणि मागे हो."

मी खिडकी बोटभर उघडली आणि त्याला कलम चार वाचून दाखवले, कारण पाठीमागे लिहिणे मला आवडत नाही. त्याने खिडकीच्या चौकटीवर मूठ मारली. वरची काच तडकली. मिस ट्रेगिअर हलल्या नाहीत. मग मी कलम सहा वाचले. त्याने मूठ उघडून पाहिली. सालटे निघाले होते.

"दुसरा साक्षीदार कोण?"

"कोणी नाही."

"मी करतो सही."

मी त्याला नियम सांगितला. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. त्याला दिलेले आपोआप रद्द होते. म्हणजे बोट कलम सातात जाईल. विकली जाईल आणि पैसे गुल्व्हेनला.

"मीही त्याच टेबलावर वाचायला शिकलोय," तो म्हणाला. "पेन दे."

"जोरी, नीट विचार कर."

"तूच कर. उद्या पाण्यावर माझ्याकडे पाठ करून उभी राहशील का? आज रात्री झोप लागेल तुला?"

मी पेन मुठीत घट्ट धरून ठेवले.

"मग दे की. आता तुला बुडवून मला एक दोरसुद्धा मिळायचा नाही. सकाळी भरतीच्या आधी धक्क्यावर ये. गरम कपडे घाल."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी तू जा. मी धक्क्यावरच असेन. त्यांना सांग, शोधायला लागणार नाही."

हे सर्व खरे आहे. मिस ट्रेगिअर यांनी ऐकले आहे. आता मी सही करते, दोघे पाहत आहेत.

लिहून ठेवणार: लव्हडे जेनिफर नॅनकॅरो

तिला सही करताना आम्ही दोघांनी काचेतून पाहिले व तिच्यादेखत आपापल्या सह्या केल्या:

साक्षीदार १. मेरियन ट्रेगिअर, निवृत्त पोस्टमास्तर, पोर्थगॅरो

साक्षीदार २. जोरी हेडली नॅनकॅरो, किटिवेक बोटीवरील खलाशी, पोर्थगॅरो

ठिकाण: पोर्थगॅरो, स्वयंपाकघराची खिडकी
दिनांक: ९ जानेवारी २०२१, शनिवार