साहेबाचा पेला

३ नोव्हेंबर १९७२, भिंगार
देव पावला! गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानाची राखणदारी मिळाली. राहायला खोली आणि दारात विहीर! पाथर्डीकडे टँकरची वाट बघून जीव मेटाकुटीला यायचा. इथे पोहरा सोडला की भरून वर. धाकटा मच्छिंद्र बरोबर आहे. आईने बजावलंय, त्याला नजरेआड करू नकोस. विहिरीच्या कठड्यावर कथलाचा जुना पेला सापडला. मच्छिंद्र त्यानेच पाणी पितो. मला आपला घरचा तांब्या बरा. साहेबाचं उष्टं पितोस म्हणून त्याला चिडवलं.

९ नोव्हेंबर
शेजारचे जैनुद्दीनचाचा येऊन बसले. विहिरीजवळची कबर इंग्रजी आरमारातल्या साहेबाची, म्हणाले. बाराव्या वर्षी जहाजावर चढला, विशीत हुद्देदार झाला. तेव्हा त्याचं काम एकच, जहाजासाठी माणसं धरून आणणं. बंदरातल्या पोरांना तो आपल्या पेल्यातून दारू पाजायचा. घोट घेतला की भरती झाली. दंडुकेवाले दाराशी उभेच. पुढे फौजेबरोबर इकडे आला आणि तापाने गेला. पेला दिसताच चाचांचा चेहरा उतरला. माझ्या आधीचा राखणदारही त्यातूनच प्यायचा. तो कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. मी हसण्यावारी नेलं, पण ते गेल्यावर पेला विहिरीत टाकला.

१२ नोव्हेंबर
पेला पुन्हा कठड्यावर. मच्छिंद्र आईची शपथ घेतो, मी काढला नाही म्हणून. पण त्यातून पिताना मी त्याला पाहिलं. पोहऱ्याच्या दोराला तो भलत्याच गाठी मारतो. पाय फाकून चालतो, खालची जमीन हलत असल्यासारखा. समुद्र राहू दे, या पोराने भरलेलं तळंसुद्धा पाहिलेलं नाही. मला भीती वाटते.

१४ नोव्हेंबर
भर दुपारी कबरीकडून शिट्टी. मच्छिंद्र भरल्या ताटावरून उठला. म्हणाला, "दादा, मला बोलावत्यात. गेलं पायजे." खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली. आत तो रडतोय. बाहेर मी.

१५ नोव्हेंबर
कडी तशीच— आत कुणी नाही. जमीन ओली. बोट लावून चाखलं— खारट. ओली पावलं कबरीपर्यंत, पुढे नाहीत. चाचा म्हणतात, आत्ताच्या आत्ता एसटी धर. आईला काय तोंड दाखवू?

दुपारी
त्याची हाक येते. लांबून, वाऱ्यातून. दादा, दादा—
पेला कठड्यावर भरलेला. मी भरला नाही.
भरती झाल्याशिवाय त्याच्यापाशी पोचणार कसा—
घेतला घोट. पाणी गोड आहे. मच्छिंद्रा, भिऊ नको, दादा तुझ्या—