सुनयनाचं खातं

न्यूरेंबर्ग, १२ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांना सुनयनाचा नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि माय माझा आवाज ऐकला की रडते, म्हणून लिहायला बसले. जर्मनीतल्या या दवाखान्यात नर्सचं काम जमलं. पण बँकेचं खातं काही निघत नाही, आणि खात्याशिवाय पगार मिळत नाही. बँकवाले म्हणतात, कुठे राहता त्याचा दाखला आणा. दाखल्याला घरमालकिणीची सही लागते, आणि ती सही करत नाही. तिनं खोली चोरून भाड्यानं दिली आहे. दोनदा हात हलवत परत आले. सोबतची नर्स भाग्यलक्ष्मी आपल्याकडच्याच उटनूर गावची. ती म्हणते, पगार माझ्या खात्यात घे. जीव थाऱ्यावर नाही. काय करू?

मायला सांगू नका. लोभ असू द्या.

तुमची,
सुनयना

तामसी, ३० ऑक्टोबर २०२४

चि. सुनयनास बाबाचे आशीर्वाद.

मायला सांगू नको म्हणतेस, पण पत्र तिनंच पोस्टमनकडून घेतलं. लपवू काय? कापूस वेचणी चालू हाय, बाया भेटून नाही राह्यल्या, पण माझं ध्यान तुझ्याकडंच. उगाच बांधावर चकरा मारून राह्यलो. भाग्यलक्ष्मी चांगलीच असन, तरी कमाई आपल्याच नावानं जमा व्हावी. मालकीण ऐकत नसन तर खोली सोड. मोठ्या नर्सबाईले खरं सांग. लाजतेस काऊन?

एक गोष्ट मात्र टोचते. तुझी माय म्हणते, तिथं खातं उघडलं म्हणजे पोरगी तिकडचीच झाली. दोन वर्सांनी येतो म्हणून गेली होतीस. मी म्हणालो, तसं काही नाही. पण मलेच चैन नाही. खरं काय ते लिही.

तुझा बाबा,
डोमाजी

न्यूरेंबर्ग, २५ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा, नमस्कार.

खोली सोडली. मोठ्या सिस्टरना सांगताना रडूच आलं. त्यांनी दवाखान्याच्या वसतिगृहात जागा दिली, दाखल्याचंही पाहिलं. काल खातं निघालं, माझ्या एकटीच्या नावानं.

कागद तपासता तपासता बँकेतल्या बाईनं सहज विचारलं, इथे किती वर्षं राहणार. दोन म्हणायला तोंड उघडलं अन् माहीत नाही, म्हणाले. बाहेर येऊन थांब्यावर नुसती बसले, समोरून बस निघून गेली. बाबा, इथलं काम मला मनापासून आवडतं. आणि सकाळी डोळे उघडायच्या आधी आपलंच अंगण दिसतं. दोन्ही खरं आहे. तुम्ही खरं मागितलंत, माझ्याजवळ एवढंच आहे. रागावू नका, माया कमी करू नका.

तुमची,
सुनयना

तामसी, १४ डिसेंबर २०२४

चि. सुनयनास आशीर्वाद.

खातं निघालं, बरं झालं. अंगावर ऊन घेत जा. पत्र मायले वाचून दाखवलं. ती उठली, ज्वारी पाखडत बसली. पाखडलेलीच पुन्हा पाखडली. मी आत-बाहेर करून राह्यलो. जेवताना बोलली एकदाची. म्हणाली, पोरगी माहीत नाही म्हणाली ना? येत नाही, असं तर नाही म्हणाली.

तुझा बाबा,
डोमाजी