ताट न विस्कटता परत येतं

बाई,

मघापासून कितीदा तरी जिन्यापर्यंत गेले आणि परत खुर्चीत येऊन बसले. वरच्या खोलीत सोसले गावची एक मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली आहे. पोरगी नुसती पडून असते हे कानावर गेल्यामुळे उद्या सकाळी तिचे वडील गाडी जुंपून येतील आणि तिला घेऊन जातील. एकदा गेली की शाळा संपली. तिथे मांत्रिक तरी नाहीतर नवरा तरी तयार असेल. मुलींच्या या वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे आहे, पण तिला इथंच ठेवा म्हणू ते कशाच्या जोरावर? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी विचारायला दुसरं कोणी सुचत नाही.

आपल्या म्हैसुरात भेटेल तो "ऊट आयता?" विचारतो, जेवण झालं का, आणि उपाशी माणूससुद्धा "आय्तु", झालं, म्हणून पुढे जातो. तुमच्या वर्गात होते त्या वर्षी माझं अन्नावरून मन उडालं होतं. वाचलेलं डोक्यात शिरत नव्हतं, वर्गाच्या दाराशी छाती धडधडायची. घरी कोणाला कळलं नाही. उलट महाराजांच्या घोडदळातून निवृत्त झालेले आमचे आप्पा शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचे, "पोरगी शाणी झाली बघा, आवाजच नाही तिचा." तुम्ही शाळेच्या ओसरीवर विचारलंत, मी सवयीनं "आय्तु" म्हटलं. तुम्ही थांबलात. "काय जेवलीस?" मला एक पदार्थ सांगता येईना.

तुम्ही मला घरी नेलंत. भिजवलेल्या अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, परात पुढे सरकवून म्हणालात, "सुम्ने बस गं, नुसती बस. सालं काढ. बोलायचं असलं तर बोल, नाहीतर राहू दे." मी दाणा दाबते आहे, तो सालातून सुटून परातीत पडतो आहे, आणि मी रडते आहे. "मला वेड लागतंय का हो बाई?" "मला ठाऊक नाही. उद्या याच वेळेला ये." इतका राग आला होता तुमचा! एवढ्या शिकलेल्या बाई, आणि धड उत्तर देत नाहीत. तरी आले, रोज येत राहिले. आप्पा लग्नाचं बोलू लागले तेव्हा तुम्ही आमच्या दारात उभ्या राहून म्हणालात, "तापात पोरीला बोहल्यावर चढवाल काय? हाही तापच आहे, अंग गरम लागत नाही इतकंच." आप्पा कुरकुरले, पण त्यांनी ऐकलं.

तुमचाच प्रश्न मी या मुलीला विचारत आले. तिनं दर वेळी भात, सारु, ताक असं बिनचूक सांगितलं. वसतिगृहात सगळ्यांचं ताट एकच, न जेवणारीलाही ते पाठ असतं! आज स्वयंपाकीणबाई म्हणाल्या तेव्हा कळलं, तिचं ताट कित्येक दिवस तसंच्या तसं परत येतं आहे. चीड आली, तिची नव्हे, माझीच. वर गेले तर भिंतीकडे बघतच तिनं विचारलं, "अक्का, नान सरी आगतीना?" मी बरी होईन का? मी "होशील की, न व्हायला काय झालं," म्हणाले आणि खाली पळून आले.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "आता बरी आहेस ना?" मी हो म्हटलं, तुम्हाला बरं वाटलं. पण बाई, अजून येतं ते. महिनोन्‌महिने येत नाही, मग एखाद्या सकाळी लुगडं नेसतानाच हात गळून जातात. तशीच खाली येते, हजेरी घेते. हे कोणालाही सांगितलेलं नाही, कारण अशा बाईच्या हाती कोण मुली देईल? पत्र इथंच सोडते. वर जाऊन तिला हे सांगते. सकाळी तिच्या वडिलांनाही सांगावं लागेल, आणि त्याची मला फार भीती वाटते आहे.