पुतळ्याचं पोट

३ मार्च, मंगळवार

थोरली आली होती. भर दुपारी, मी शटर अर्धं पाडून जेवायला बसणार तेवढ्यात. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण मालिकेत ती घरातली थोरली बहीण, आणि राहते आमच्याच रस्त्याच्या टोकाला. म्हणून अख्ख्या वस्तीची ती थोरली. ब्रेड घ्यायला खाली उतरली, तरी कोणता ब्रेड घेतला हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत!

हिरवा गाऊन घेऊन आली. पारितोषिकाच्या कार्यक्रमात घातलेला तोच, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेला. चौदा तारखेला नव्या वाचनालयाचं उद्घाटन तिच्या हस्ते आहे, तेव्हा घालायचाय. "काकू, कमरेत जरा सैल करून द्या." टेप लावला. मापवहीत जुनं माप अठ्ठावीस. आता एकतीस — आणि दंड होते तेवढेच, खांदे होते तेवढेच. तीस वर्षं माणसांना टेप लावतेय मी. खाऊन वाढलेली कंबर वेगळी असते. मी टेप गुंडाळला. तीच म्हणाली, "चौथा लागलाय. तुम्ही ओळखलं असेलच."

वीस तारखेला नव्या करारावर सही आहे, दोन वर्षांच्या. त्याआधी बातमी फुटली तर तिला मालिकेतून काढतील. कसं काढतात तेही सांगितलं — अपघात, पांढरी चादर, भिंतीवर फोटो. एकदा सही झाली की मात्र त्यांनाच गोष्ट वळवून घ्यावी लागते. "फक्त वीस तारखेपर्यंत, काकू." हसत म्हणाली, पण पर्सचा पट्टा पिळत होती. मी म्हटलं, माझ्या तोंडून ब्र निघायचा नाही.

५ मार्च, गुरुवार

नुसतं सैल करून भागणार नाही. झाकायला हवं. पुढून चुण्या, कंबर वर चढवायची, म्हणजे जवळजवळ अर्धा गाऊन उसवणं आलं. आणि तिला सारखं माप द्यायला बोलावता येत नाही. दोनदा दुकानात दिसली तर तिसऱ्यांदा लोक समोर खुर्च्या टाकून बसतील.

म्हणून माझी जुनी रीत काढली. गिऱ्हाईक येऊ शकत नसेल तर पुतळ्यालाच गिऱ्हाईक करायचं. कापूस, त्यावर जुन्या चादरीच्या पट्ट्या, त्यावर टाके. अर्धा दिवस गेला, पण पोट हुबेहूब आलं. बेंबीपाशी जरा जास्त, कुशीत कमी. गाऊन चढवला आणि वर चादर टाकली. चादर काढायची नाही हे स्वतःला दोनदा बजावलं.

शेजारीच नणंदेचं पार्लर, मध्ये एक पातळ भिंत. तिच्याकडे बायका केस धुवायला येतात आणि जगाची धुणी धुऊन जातात. नणंद मनाने सोन्यासारखी आहे, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

६ मार्च, शुक्रवार

घात झाला. माझ्याच हाताने.

हिरव्या कापडाची चुणी ट्यूबलाइटखाली कळत नाही. दिवसाउजेडी बघावी म्हणून पुतळा खिडकीपाशी आणला. चुण्या लावल्या, टाचण्या मारल्या, मन लागलं. तंद्रीतच आत जेवायला गेले. पुतळा तिथेच. उघडा. रस्त्याकडे पोट करून!

बाहेर आले तर काचेपलीकडे नणंद उभी. आणि तिच्या शेजारी मास्तर. हे निवृत्त विज्ञानाचे मास्तर दर गुरुवारी वस्तीचं चारपानी पत्रक काढतात. तीन पानं सूचना आणि जाहिराती, चौथ्यावर "ऐकिवात". सगळे चौथ्या पानापासूनच वाचतात. मास्तरांचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेलेला होता.

"ताई, हा थोरलीचाच गाऊन ना?"

"वहिनी," नणंद म्हणाली, "हे पोट कुणाचं गं?"

एका क्षणात काय काय सुचतं माणसाला. मालिकेतलं सोंग आहे म्हणावं, तर मास्तर उद्या त्याचीच बातमी करतील. कापूस सरकला म्हणावं, तर नणंद काही दुधखुळी नाही. आणि मी म्हणाले — "गाऊन तिचा होता. तिने देऊन टाकला. लेकीसाठी बेततेय."

"लेकीसाठी? म्हणजे आपल्या...?"

मी मान हलवली. बस्, एवढंच केलं. मान हलवली.

नणंदेने दुकानात येऊन मला मिठीच मारली. रडली. आठ वर्षं झाली लेकीच्या लग्नाला. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या, मग सगळ्यांनी तो विषयच बंद केला. मास्तरांनी पेन परत खिशात ठेवलं आणि "वा, वा, आनंद आहे" म्हणाले. मी म्हटलं, इतक्यात कोणाला सांगू नका. या वाक्याचा अर्थ आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत आहे.

७ मार्च, शनिवार

लेकीला फोन करून सांगायला हवं. उद्या रविवार, तिचाच येईल. उद्या सांगते.

८ मार्च, रविवार

आला फोन. तिच्या ऑफिसातल्या नव्या साहेबावर बोललो, माझ्या गुडघ्यावर बोललो, ह्यांच्या चष्म्यावर बोललो. ठेवला. नाही सांगितलं.

कसं सांगणार? "तुझ्या नावावर मी एक मूल खपवलं" असं? जी जखम इतके दिवस कोणी उघडली नाही, ती मी परक्या बाईच्या गाऊनसाठी उघडली. ह्यांना मात्र सगळं सांगून टाकलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, जे ते जेवतानाही ठेवत नाहीत. "दुसरं कोणी मिळालं नाही तुला?" एवढंच म्हणाले.

खरंच, दुसरं कोणी का नाही आलं तोंडावर? भाची होती, पुतणी होती. पण खोटंसुद्धा मनात आधी असलेलंच बाहेर येतं बहुतेक. मला ते हवं होतं. आठ वर्षं हवं होतं, आणि बोलायची सोय नव्हती.

१० मार्च, मंगळवार

नणंदेने विहीणबाईंना फोन केला! अभिनंदनाचा! मला न विचारता! "अगं, आपणहून त्यांनी कळवायला हवं होतं, पण म्हटलं आपणच मोठेपणा घ्यावा." विहीणबाई काय म्हणाल्या? "काहीच नाही. 'बरं' म्हणाल्या आणि ठेवला. आनंदाने वाचा बसली असेल."

मला दिवसभर सुईत दोरा ओवता आला नाही. आता तरी लेकीला फोन करावा की नाही? तीनदा हातात घेतला, तीनदा खाली ठेवला. थोरलीचे दहा दिवस राहिलेत. लेक चिडून नणंदेला खरं सांगून बसली तर? असं मी स्वतःला सांगतेय. खरी गोष्ट एवढीच की मला तिची भीती वाटते.

१२ मार्च, गुरुवार

पत्रक आलं. चौथं पान, चौकटीत: "आपल्या सर्वांच्या लाडक्या शिवणवाल्या ताई लवकरच आजी होणार! हार्दिक अभिनंदन." थोरलीबद्दल एक ओळ नाही.

सकाळपासून रीघ. बेकरीवाल्याने केक पाठवला. औषधवाला रस्ता ओलांडून हात मिळवायला आला. आणि इथे लिहायला कोण बघतंय — मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. दुपारी एकटी असताना हिरव्या कापडाचा उरलेला तुकडा हातात आला, आणि मी बसल्या बसल्या त्याचं वीतभर झबलं बेतलं. कातरी चालवायच्या आधी भानावर आले. मग खूप रडले. मशीन चालू ठेवून, भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.

१३ मार्च, शुक्रवार

हिरवा गाऊन आता थोरलीला घालता येत नाही, तो "लेकीचा" झाला. चार दिवसांत नवा निळा शिवला, उभ्या चुण्यांचा. ती न्यायला आली तेव्हा पत्रक तिच्याही हातात होतं. तिला जेमतेम अर्ध्या मिनिटात उमगलं.

"काकू, तुमच्या लेकीला माहीत आहे?"

"सांगते मी."

"नाही, आधीच सांगायला हवं होतं. थांबा, मीच मास्तरांकडे जाते. गेलं काम तर गेलं." आणि खरंच उठली. मी तिचा हात धरून खाली बसवलं. म्हटलं, बोलून झालंय, आता तुझंही नुकसान कशाला? एकाचं तरी नीट होऊ दे. तिने निळा गाऊन पिशवीत घातला. जाताना माझ्या पाया पडली, तेव्हा मला अगदी कानकोंडं झालं.

१४ मार्च, शनिवार

उद्घाटन झालं. निळ्या चुण्यांनी काम चोख केलं. तसं थोरलीच्या पोटाकडे बघायला कोणाला सवड होती? सगळे मलाच विचारत होते — कितवा, डॉक्टर कोण, बाळंतपण कुठे! मी उत्तरं देत होते. एकदा खोटं बोललं की त्याला अस्तर लावावं लागतं, मग काठ, मग बटणं. सातवा कधी लागणार तेसुद्धा सांगून आले.

१५ मार्च, रविवार

लेकीचा फोन आला नाही. आठ वर्षांत पहिला रविवार.

१६ मार्च, सोमवार

मी केला. चार वेळा. उचलला नाही. दुपारी निरोप आला: "येत्या रविवारी येते. समोर बोलू." म्हणजे कळलं तिला. काय बोलायचं ते मनात घोळवतेय. समर्थन करायचं नाही. थोरलीचं नाव पुढे करायचं नाही. चूक माझी, तोंड माझं. शिव्या घातल्या तर ऐकून घ्यायच्या. ह्यांनी विचारलं, मी थांबू का खोलीत? म्हटलं, नको, माझं मला निस्तरू दे.

पुतळ्याचा कापूस काढला. काढताना टाके फार घट्ट घातले होते असं लक्षात आलं.

२० मार्च, शुक्रवार

सही झाली! थोरलीने स्टुडिओतूनच फोन केला. मागे दिवे, आरडाओरडा, कोणीतरी तिला बोलावत होतं. "काकू, सगळं तुमच्यामुळे." पुढच्या आठवड्यात ती स्वतःच जाहीर करणार आहे, आणि हिरव्या गाऊनचं खरं कारणही. मास्तरांना सगळ्यात आधी सांगणार, म्हणाली, त्यांचा तेवढा मान. मनावरचं मणाचं ओझं उतरलं. आता फक्त लेक. मायलेकींचंच आहे, चार दिवस रुसेल, पाचव्या दिवशी हसेल. शेवटी कोणाचं काही गेलं नाही.

२२ मार्च, रविवार

लेक आली. एकटीच. मी माफी मागायला लागले, तिने मध्येच थांबवलं. अकरा महिने झाले, ती आणि जावई वेगळे राहतात. आम्हाला सांगितलं नाही, कारण तिला अजून आशा होती. तो कधीतरी आपणहून एक फोन करेल, आणि मग आम्हाला काही कळायची वेळच येणार नाही.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. एवढंच विचारलं त्याने — "कोणाचं?"