रॅक एकाच सायकलीचा

ती. अक्काच्या सेवेशी धाकट्याचा नमस्कार.

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कारण बरी नसती तर एव्हाना फोन करून तू त्याचाही दोष मलाच दिला असतास. दाजींचा गुडघा काय म्हणतो? (डॉक्टर दर वेळी 'वयोमानानुसार' एवढंच म्हणत असतील तर डॉक्टर बदला. ज्याला काही कळत नाही तो वयाकडे बोट दाखवतो.) आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे मी ठीक आहे आणि हिच्याविषयी मला संशय आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण आमच्या भिंतींना कान आहेत आणि ते दोन्ही हिचे आहेत, म्हणून पत्र.

विषय वरवर पाहता साधा आहे. हिच्या नकाशांच्या ऑफिसातली सात-आठ मंडळी पुढच्या महिन्यात तीन दिवस तळ्याकाठच्या रस्त्याने सायकली चालवणार आहेत, जोडीदारांसकट. तिथपर्यंत सायकली मोटारीवर लादून न्यायच्या, म्हणून मोटारीला रॅक हवा. शनिवारी आम्ही दुकानात गेलो. दुकानदार गळ्यात मोजपट्टी अडकवून उभा होता. (शिंपी नसताना गळ्यात मोजपट्टी घालणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.) त्याने विचारलं, किती सायकली न्यायच्यात? मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "एक."

अक्का, एक! घरात सायकली दोन, माणसं दोन, आमंत्रण जोडीचं आणि रॅक मात्र एकीचा! तीस वर्षं मी विम्याचे दावे तपासतोय, खोटं ऐकण्याचाच मला पगार मिळतो. माणूस ज्या प्रश्नाचं उत्तर फार पटकन देतो तिथेच पाणी मुरत असतं, हा माझा अनुभव. ही मला घरी ठेवून जाणार आहे. चोवीस वर्षांच्या संसारात ही माझ्याशिवाय तीन दिवस कुठे गेली नाही, आणि आता जायचं म्हणते तेही हसतमुखाने. खरं सांगतो, मला फार लागलं ते.

पण मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. उलट रॅकची कसून चौकशी सुरू केली, म्हणजे खरेदी लांबेल आणि तेवढ्यात तपास होईल. दुकानदाराने आधी डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा रॅक दाखवला. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की प्रवासात अधूनमधून थांबून पट्ट्या आवळाव्यात. ज्या वस्तूचा बनवणाऱ्यालाच भरवसा नाही ती मी का घ्यावी? मग गाडीच्या मागच्या हुकात अडकवायचा आला. त्याने नंबरप्लेट झाकली जाते. (आपली नंबरप्लेट झाकून कोण हिंडतो ते मला चांगलं ठाऊक आहे, अशांच्या फाइली माझ्या टेबलावर आहेत.) शेवटी टपावरचा. त्यावर मी विचारलं, आमच्या इमारतीच्या तळघराची कमान केवढी उंच आहे हे तुम्हाला माहीत आहे का? तो म्हणाला, "नाही, तुम्हीच सांगा." मलाही माहीत नव्हतं, पण त्याला नव्हतं हे महत्त्वाचं. हिला मात्र नेमका टपावरचाच आवडला, तोही कमानीचा विचार न करता. जी बाई भाजी घेताना दहादा पारखते तिला रॅक एका नजरेत पसंत पडतो, याचा अर्थ तो आधीच ठरलेला होता. दुकानदार तिला निरोप देताना "सगळी सोय करतो, वहिनी" असं म्हणाला. कसली सगळी?

रविवारी मी एकटाच, रॅकला पेलेल का म्हणून वजन करून घ्यायच्या निमित्ताने माझी सायकल घेऊन दुकानात गेलो. तिथे आणखी घोटाळा झाला. त्या माणसाने सायकल वजनकाट्यावर ठेवलीच नाही. आधी टायरवरून बोट फिरवलं, मग पेडलवरून, आणि पुन्हा टायरवरून. टायर चांगलेच झिजलेत, म्हणाला, पण पेडल तर कोरे करकरीत! आणि हसला. अक्का, एखाद्या दाव्याच्या फाइलीत असं काही आढळलं असतं तर मी स्वतः लाल रेघ मारली असती. मी त्याला सांगितलं की मी पेडल वेळच्या वेळी पुसतो, आणि वजन न करताच परत आलो.

घरी येऊन हिला आडून आडून विचारलं. तुझ्या साहेबांचीही सायकल आहे का? आहे. कोणत्या रंगाची? "अहो, मला काय माहीत!" रंग माहीत नाही म्हणजे एक तर खरंच माहीत नाही, नाहीतर चांगलाच माहीत आहे. (या साहेबांना मी एकदा पाहिलंय. पन्नाशीतही पोट नाही. अशा माणसाच्या हेतूंविषयी काय बोलावं?) मग सरळच विचारलं, एकच सायकल का? तर म्हणते, "तुमची जपून ठेवलीत तशीच राहू दे की." इतकं गोड बोलणं मला निदान दहा वर्षांत ऐकायला मिळालेलं नाही.

बाकी क्षेम आहे की नाही ते तपास पुरा झाल्यावर कळवीन. दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. आता मूळ मुद्दा. लग्न ठरताना हिने विचारलं होतं, सायकल येते ना? मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात तू म्हणालीस, "येते की! हात सोडून चालवतो." लहानपणी अंगणात सायकल शिकवताना तू माझ्यामागे धावलीस आणि मी तीनदा कुंपणात गेलो, तेही तूच पाहिलं होतंस. हिने माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला सायकल दिली तेव्हापासून दर रविवारी मी ती घेऊन निघतो, वळणापर्यंत हातात धरून चालतो, बागेतल्या बाकावर पाऊण तास बसतो आणि घाम पुसत परत येतो. तेव्हा तू थाप मारलीस, आता तूच निस्तर. आठ दिवस येऊन राहा. हिला सांग, दाजींशी भांडून आलीस. मला तोल सांभाळता यायला हवा, अक्का. मला घरी बसायचं नाही, मला हिच्याबरोबर जायचंय.

आणखी ता. क. हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक. पाकीट मी तीन पट्ट्या चिकटवून बंद करतोय.

(वेगळ्या अक्षरात)

वन्सं, नमस्कार. चिकटपट्टी वाफेवर सुटते. संशयाची सवय एकाच माणसापुरती राहत नाही. यांना सायकल येत नाही हे मला पहिल्याच रविवारी कळलं, मी मागोमाग गेले होते. हे बाकावर बसून कबुतरांना रागावत होते. लोकांसमोर पडले तर फार मनाला लावून घेतील, म्हणून मी दोघांनी मिळून चालवायची लांब सायकल मागवली आहे. तिला रॅक एकच लागतो. पुढे मी बसणार, तोल मी सांभाळणार, यांनी मागे बसून पाय हलवायचे आणि माझ्या रस्त्यावर शंका घ्यायची. तुम्ही जरूर या, आठ काय पंधरा दिवस राहा. फक्त यांना शिकवू नका. शिकले तर माझ्या मागे कोण बसणार?