प्राचार्यांच्या खुर्चीत बसल्याबद्दल

नगर, फेब्रुवारी १९७३

ती. रंगनाथमामांस,
चांगुणाचा शिरसाष्टांग नमस्कार. मामीचा दमा आणि तुमची विहीर, दोघांची खुशाली कळवावी. (दमा वाढू नये, पाणी वाढावं.)

'प्राध्यापिकेला घेराव' ही बातमी दादांनी चावडीवर कुणाकडून तरी वाचून घेतली आणि आता लेकीला नोकरी सोडायला लावून घरी श्रीगोंद्याला न्यायला निघालेत, असं धाकटीनं कळवलं. म्हणून घडलं ते सांगते.

आमच्या बी.ए.च्या निम्म्या मुलांचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडतात. परीक्षेची फी माफ व्हावी म्हणून मुलांनी प्राचार्यांना घेरायचं ठरवलं. प्राचार्यांना त्याचा सुगावा लागला असावा. मला म्हणाले, "जरा माझ्या खोलीत बसा, फोन आला तर घ्या." मी त्यांच्याच खुर्चीत बसले. (दुसरीवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते.) मुलं आत आली आणि मला पाहून तीच गडबडली. त्यांचा पुढारी केडगावचा गहिनीनाथ. हात जोडून म्हणाला, "बाई, तुमच्यावर राग न्हाई. पन ठराव झालाय, खुर्चीतल्या मान्साला उठू द्यायचं न्हाई." मी म्हटलं, ठराव बदला. तर म्हणे त्याला सभा घ्यावी लागते, आणि सभेला प्राचार्यांची परवानगी लागते.

रिकामी बसलेली मुलं मला बघवत नाहीत. मूलभूत हक्कांचा भाग शिकवायचा राहिला होता, तो सुरू केला. मध्येच घोषणा व्हायच्या, तेवढ्यात मी पाणी प्यायची. मागून मरियम म्हणाली, "ए, घोषणा जरा हळू द्या की, बाईंचा मुद्दा लिहायचा राहिला." दुपारी गहिनीनाथनं फडक्यातली रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी माझ्यापुढे ठेवली. स्वतः तो पाण्यावर राहिला, हे मला खाऊन झाल्यावर कळलं. संध्याकाळी प्राचार्य आले, 'विचार करू' म्हणाले, आणि मी उठले.

दादांना सांगा, एवढा शांत वर्ग मला वर्षभरात मिळाला नव्हता. राजकारणाशी माझा संबंध नाही. मी फक्त शिकवते.

आपली भाची,
चांगुणा

ता. क. दादा तुमचंच ऐकतात. त्यांना वाटेत उतरवून घ्या आणि मामीकडून चार दिवस मुक्कामाचा आग्रह करवा.

ता. क. निदान सोमवार तरी जाऊ द्या. अजून विचार झालेला नाही, त्यामुळे सोमवारी पुन्हा घेराव आहे. या वेळी ठरावात प्राचार्यांचं नाव घातलंय. (मीच लिहून दिलाय.) मीही मुलांबरोबर खाली बसणार आहे. त्यानंतर नोकरी राहिली, तर दादांनी खुशाल भेटायला यावं.