दारातून परत फिरणारा कॅचर

अब्बा, तुम्ही मला बेसबॉलवाल्यांच्या ज्या लकबी सांगितल्यात, त्यातली एकही खरी नव्हती. हे मला कळलं तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी, आणि तेही चारचौघांत चांगलं हसं झाल्यावर.

इथे जेद्दाला, अल अझीझियातल्या एका कॉफीच्या दुकानात, बेसबॉल खेळाडूंची फोटोवाली कार्डं जमवणारे आम्ही काहीजण शुक्रवारी असरच्या नमाजानंतर बसतो. दोन फिलिपिनो नर्सा, एक अमेरिकन मास्तर, एक सौदी इंजिनियर. कार्डांची अदलाबदल होते, पण खरा वेळ जातो तो खेळाडूंच्या खोडी उगाळण्यात. कोण मैदानात शिरताना पांढऱ्या रेघेवर पाय देत नाही, कोण संघ जिंकत असेतो दाढी करत नाही, कोण आपली घामट टोपी कुणाला धुऊ देत नाही. मीही ऐटीत तुम्ही सांगितलेला तो कॅचर, चेंडू झेलणारा, काढला. म्हटलं, हा घराबाहेर पडला की हमखास दारातून परत फिरायचा, उभ्याउभ्या घोटभर पाणी प्यायचा आणि मगच खेळायला जायचा. इंजिनियरने मोबाइलवर शोधलं. काही सापडेना. मग मी त्या डावखुऱ्याचं सांगितलं, जो स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरल्याशिवाय झोपत नसे. आणि मिशीवाल्याचं, जो रागावला की बोलत नसे, नुसत्या कपड्यांच्या घड्या घालत सुटे. सगळे पोट धरून हसले. तुझ्या वडिलांनी तुला चांगलंच बनवलं, असं मास्तर म्हणाले. मला तुमचा असा राग आला म्हणून सांगू!

अल खफजीतल्या आपल्या त्या दोन खोल्या. कायमचा मायदेशी निघालेल्या तुमच्या अमेरिकन साहेबाने, पोरीला खेळायला म्हणून, बुटांच्या खोक्यातून ती कार्डं दिली होती. तुम्ही कंपनीच्या यार्डातून कामावरून येता, हातपाय धुता, चटईवर बसता आणि मला म्हणता, "काढ गो एक." मी काढते. तुम्ही कार्डाकडे बराच वेळ बघत राहता, आणि मग सांगता. अम्मी गेली तेव्हा मी जेमतेम चालायला लागले होते. तिचं नाव घरात निघत नसे. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "खलास, जेव आता," आणि स्वतः मात्र ताटावरून उठायचात. तिचा फोटोसुद्धा तुम्ही गावी ठेवून आला होतात.

गेल्या महिन्यात रत्नागिरीची खाला, अम्मीची बहीण, मक्केला उमऱ्यासाठी आली, ती चार दिवस माझ्याकडे राहिली. सांदणं करता करता मी तिला माझ्या फजितीचा किस्सा सांगितला, म्हटलं तेवढीच हसेल. ती हसेना. पिठाचा हात तसाच धरून म्हणाली, "अगो, पाण्यासाठी दारातून परत कोण यायचं? तुझी अम्मी. कान धरून झोपायची तीच. मी तिच्या बाजूला झोपायचे, मला नाय माहीत?"

जन्मभर मला वाटत आलं की मला आई मिळालीच नाही. आणि तुम्ही तर ती मला रोज संध्याकाळी थोडी थोडी देत होतात, कुणा परक्या मिशीवाल्यांच्या नावावर. मी खिदळायचे आणि तुम्ही समोर बसून ते बघायचात. कसं सोसलंत हो? एकदा तरी म्हणायचं होतंत, ही तुझी अम्मी. पुन्हा नसतं विचारलं मी.

खाला गेल्यावर मी सगळी कार्डं जमिनीवर मांडली. ज्यांच्या लकबी आठवल्या ती बाजूला केली. उरलेल्यांकडे बघून रडू आवरेना. ते चेहरे आता नुसतेच चेहरे आहेत, त्यांच्यातली अम्मी तुमच्याबरोबर गेली. कुणाला विचारू मी?

तेवढ्यात माझी लेक शेजारी येऊन बसली. त्या उरलेल्यांतलंच एक कार्ड उचलून म्हणाली, "मम्मी, व्हॉट डिड धिस वन डू?" मी म्हटलं, हा चहा पिण्याआधी कप दोन्ही हातांत धरून क्षणभर डोळे मिटायचा, भर उन्हाळ्यातसुद्धा. ती हसली, आणखी सांग म्हणाली. तुमचीच सवय ती, अब्बा. "तुझ्या नानांची," एवढं तिला म्हणायला मला काही जमलं नाही.